बालेकिल्ला नावाची गोधडी

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी आटोपून वाडीहून महाडला परत. कशेडीकडून येणारे ट्रक पोलादपूरपर्यंत नाकासमोर. सौ. सरिता सगळा वेळ झोपली.

डिकीत आईची गोधडी आहे. चोरून आणलेली नाही. आई दुपारची झोपली होती, गोधडी तिच्या पायाशी घडी करून ठेवलेली. उठवायचं जिवावर आलं. दादा-वहिनी भात कापायला गेले होते. म्हणजे विचारायला कोणी नव्हतंच. तरी मी अंगणात उभा राहून एकदा "गोधडी नेतो हं" असं म्हटलं होतं. कोंबड्या साक्षी आहेत.

कारण समीक्षा. डोंबिवलीच्या चुलतभावाची मुलगी, डिझाइन शिकते. मी वाडीमागच्या टेपाडावर जाऊन आईचा गोधडीसकट दिवाळीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, हिने मात्र विचारलं की आजीच्या गोधडीच्या पॅटर्नला नाव काय, प्रोजेक्टला हवंय. मी ताबडतोब लिहिलं: "माहीत आहे, पण खात्री करून सांगतो." माहीत नव्हतं. खात्री करणार हे मात्र खरं.

सरिता म्हणाली, आईंनी दिली? मी हो म्हटलं. "नाही" असं तर आई म्हणालेली नाही.

दोन-तीन दिवसांत परत नेऊन ठेवायची. ठरलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवर पसरून निरीक्षण केलं. विलक्षण! मधोमध बारीक बारीक तुकड्यांचा दाट चौक. लाल, हिरवे, एक जांभळा. ठिगळावर ठिगळ, टाके इतके जवळ की बोट फिरवलं तर खरखरतं. त्याच्या बाहेर मोठे चौकोन, कडेला साधं धोतर. आत दाट, बाहेर विरळ. याला योजना म्हणतात.

मी कॉलेजात हेडक्लार्क असलो तरी पिंड संशोधकाचा आहे, हे ऑफिसात कोणाला कळलेलं नाही. चहा घेता घेता एकदम प्रकाश पडला. मधला चौक म्हणजे बालेकिल्ला! बाहेरचे चौकोन म्हणजे माची, काठ म्हणजे तट. रायगडाच्या मुलखातली बाई दुसरं काय शिवणार?

पॅटर्नचं नाव: बालेकिल्ला. समीक्षाला कळवलं. तिने विचारलं, आजी असं म्हणते का? मी लिहिलं, आजी अलीकडे विसरते, तिच्यावर विसंबता येत नाही. हे खरंच आहे. सकाळी जेवली की नाही हे तिच्या दुपारी लक्षात नसतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दादाचा फोन. वाडीत रेंज नाही, दादाकडे बटणांचा फोन, तो टेपाडावर चढून करतो. म्हणजे काहीतरी मोठं असतं. म्हणाला, आयची वाकळ गेली. सगळं घर पालथं घातलं. आय म्हणते, जानकीनं नेली.

जानकीबाई वरच्या आळीतली. आईला अंघोळ घालायला, वेणी घालायला, भरवायला सकाळ-संध्याकाळ येते. गेल्या थंडीत तिने आईला म्हटलं होतं म्हणे, "काय ऊब हाय गो तुज्या वाकळेला, माज्या नातवाला अशी एक शिवून दे." आईच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

मी म्हटलं, हो का? बघा, असेल कुठेतरी.

खोटं बोललेलो नाही. असेल कुठेतरी, हे विधान शंभर टक्के बरोबर आहे. आणि मला थेट प्रश्न विचारलाच गेला नाही. दादाने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं असं आता वाटतंय. पण दादा उन्हात टेपाडावर उभा होता. लांबण कशाला लावायची?

२ नोव्हेंबर

आईला नवीन ब्लँकेट पाठवलं. बाजारपेठेतलं सगळ्यात जाड. वर वाघ आहे. पोलादपूरच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिलं. गोधडीपेक्षा हे कितीतरी गरम. त्यामुळे आईचं तसं नुकसान काही नाही. मनावरचं ओझं उतरलं.

५ नोव्हेंबर

दादा म्हणाला, ब्लँकेट अंगावरून घसरतं आणि आई वाघाकडे बघून घाबरते. उलटं करून घाला म्हटलं. उलट्या बाजूलाही वाघच आहे म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

फील्डवर्क. गोधडी घेऊन पाचाडला. खानावळवाल्या राहीबाईंना दाखवली. म्हाताऱ्या आहेत, पण नजर तेज. म्हणाल्या, "गोधडीला कसलं आलंय नाव? पांघरायची." मी म्हटलं, आजी, हिला बालेकिल्ला म्हणत असतील का? म्हणाल्या, "म्हनत असतील बाबा, तुमी म्हनताव तर."

दुजोरा मिळाला.

पुढे त्या म्हणाल्या, "तुजी आय हाय ना? मंग तिला इचार की." प्रत्येकाला हेच कसं सुचतं कळत नाही. आईला विचारायचं तर गोधडी माझ्याकडे आहे हे सांगावं लागणार. संशोधनाच्या या टप्प्यावर ते योग्य नाही.

पिठलं-भाकरी उत्तम होती. येताना वाट वाकडी करून वरंधलाही गेलो. तिथल्या आजींना ऐकू येत नाही. त्यांनी विरोध केला नाही.

१४ नोव्हेंबर

दादाचा फोन, परत टेपाडावरून. जानकीबाई यायची बंद झाली. काल संध्याकाळी ती निघताना वहिनीने दारात तिची पिशवी बघितली. पिशवीत तिचं लुगडं होतं, आणि आईने नातवासाठी दिलेला चिवडा. जानकीबाईने चिवडा उंबऱ्यावर ठेवला, पिशवी झटकून दाखवली आणि गेली.

दादा म्हणाला, मला काय ते बरं वाटलं नाय रे. मी म्हटलं, वहिनीने असं करायला नको होतं. वहिनीच्या स्वभावात हा उतावळेपणा आहेच.

हे लिहिलं आणि परत वाचलं. वहिनीचा उतावळेपणा. असो.

रविवारी जाऊन गोधडी गुपचूप ठेवून यायची. माळ्यावर, जुन्या पेटीमागे. आपोआप सापडेल. कोणी दोषी नाही, कोणाला त्रास नाही. उत्तम प्लॅन.

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडीचं सर्व्हिसिंग. पुढच्या रविवारी नक्की.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो होतो. गोधडी डिकीत.

वाडीच्या वळणावर जानकीबाई भेटली. डोक्यावर लाकडांची मोळी. मी काच खाली केली नसती तरी चाललं असतं, पण तिने ओळखलं. मोळी उतरवून ठेवली आणि खिडकीशी आली. म्हणाली, "भाऊ, तुमी शिकलेले. तुमचं आयकतील. सांगा ना वहिनीला, मी नाय नेली. सगळी वाडी तोंडावर बोलत नाय, पन मी गेले की गप्प होतात."

मी म्हटलं, मी बोलतो वहिनीशी. ती म्हणाली, "तुमी बोलाल. मला ठावं हाय." मग मोळी उचलायला हात लावा म्हणाली. लावला. मोळी जड होती. डिकी तिच्या हातभर अंतरावर होती.

घरी पोचलो तर वहिनी अंगणात भात वाळवत बसलेली. संध्याकाळपर्यंत हलली नाही. तिच्यासमोरून गोधडी घेऊन पेटीमागे जाणार कसा? आईच्या अंगावर दोन जुनी लुगडी, त्यावर वाघ. तिने विचारलं, "जानकी आली?" वहिनी हळूच म्हणाली, जानकी गेल्यापास्नं आई नीट जेवत नाही, माझ्या हातचं थुंकते.

वहिनीशी जानकीबाईबद्दल बोललो नाही. म्हणजे सुरुवात केली होती. "जानकीबाई तशी चांगली होती, नाही?" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच तिची पिशवी बघितली हो भाऊजी," म्हणाली. 

गोधडी परत आणली.

२४ नोव्हेंबर

आज ऑफिसात लक्ष नाही. मुलांचे फॉर्म उलटसुलट लावले.

खोल विचार केला. गोधडी नुसती सापडली तर लोक म्हणतील, जानकीबाईने भीतीने परत आणून टाकली. तिच्यावरचा डाग तसाच राहील! म्हणजे गुपचूप ठेवणं तिच्यावरच अन्याय. त्यापेक्षा सर्वांसमोर, मानाने, संशोधनासकट गोधडी जाहीर करणं हेच तिच्या हिताचं. हे आधी कसं सुचलं नाही!

६ डिसेंबर

सरिताच्या महिला मंडळाचं संक्रांतीला हळदीकुंकू आणि हस्तकला प्रदर्शन आहे. मी गोधडी देऊ केली. अध्यक्षबाई खूश. स्वतंत्र टेबल मिळणार.

सरिता म्हणाली, आईंना बोलवू या की, त्यांची गोधडी. मी म्हटलं, प्रवास झेपणार नाही. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

१३ डिसेंबर

फ्लेक्सचं डिझाइन फायनल. "बालेकिल्ला: एका लुप्त गोधडी-परंपरेचा शोध." खाली माझं नाव. फ्लेक्सवाल्याने माझा फोटो गोधडीच्या फोटोपेक्षा मोठा केला. मी सांगितलेलं नाही. बदला असंही सांगितलेलं नाही.

३१ डिसेंबर

नव्या वर्षाचा संकल्प: उद्या सकाळी दादाला सगळं सांगायचं. पहिला फोन त्यालाच.

१ जानेवारी

वर्षाची सुरुवात वाईट बातमीने कशाला? शिवाय त्याचा फोन लागला नाही. मी एकदाच लावला, पण लागला नाही हे खरं.

१० जानेवारी

दादाने स्वतःच केला. पोलादपूरच्या बाजारात जानकीबाई दिसली म्हणाला. हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासते आता. दादाने हाक मारली तर वळली नाही.

जाऊ दे. प्रदर्शन एका आठवड्यावर आलं. त्यानंतर सगळं सुरळीत होईल. मी तिला हॉलवर सन्मानाने बोलावणारही होतो. नारळ, ब्लाउजपीस. पण मग आधी सांगावं लागेल.

१७ जानेवारी, शनिवार

काय लिहू.

हॉल भरलेला. तिळगूळ, अत्तर, गजरे. गोधडी टेबलावर पसरलेली, मागे माझा फ्लेक्स. मी माइकवर होतो. बालेकिल्ल्यावरून माचीवर आलो होतो. तेवढ्यात दारातून समीक्षा आली. तिच्या एका हाताला आई. मागे दादा आणि वहिनी.

प्रदर्शनाची तारीख मीच समीक्षाला कळवली होती; तिने हे सरप्राइज म्हणून केलं. काल वाडीला गेली, आणि जीप करून सगळ्यांना घेऊन आली. त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की दीपककाकाचा सत्कार आहे. मला हळूच म्हणाली, "काका, मूळ कलाकार तर हवी ना!"

आईने मला बघितलं नाही. फ्लेक्स बघितला नाही. सरळ टेबलाशी गेली आणि मधल्या चौकावर दोन्ही हात ठेवले. मग मोठ्याने म्हणाली, "ही माजी वाकळ! जानकीनं नेलेली ना? मंग हितं कशी आली गो?"

 माइक चालू होता. अध्यक्षबाईंना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी माइक आईपुढे धरला. विचारलं, आजी, या नक्षीला काय म्हणतात, बालेकिल्ला ना?

आई हसली. किती महिन्यांनी हसली असेल. म्हणाली, "किल्ला कसला? ही दिप्याची मुतरी! पाचवीत गेला तरी रोज भिजवायचा. मधलं कापड कुजायचं, मी ठिगळ लावायची. परत भिजवायचा, परत ठिगळ. म्हनून मदी असं दाट झालंय. ह्याचा बापूस म्हनायचा, दिप्याची मुतरी आन गो, थंडी वाजतेय."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. प्राचार्यांच्या मिसेस पदर तोंडात धरून बसल्या. समीक्षासुद्धा हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. तेवढं सोसलं असतं. खरंच. उलट मला वाटलं, सुटलो, यातच सगळं वाहून जाईल.

पण वहिनी हसली नव्हती. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती. म्हणाली, "भाऊजी, ही तुमच्याकडं होती? दिवाळीपास्नं?"

तिचा आवाज मोठा नव्हता. माइक चालू होता.

मी म्हटलं, संशोधनासाठी.

ती म्हणाली, "मी त्या बाईची पिशवी बघितली. दारात. चार लोक बघत होते. आन तुमाला ठावं होतं?"

हसणं कधी थांबलं कळलं नाही. समीक्षा माझ्याकडे बघत होती, मग तिने खाली बघितलं.  दादाने गोधडी गोळा केली, घडीसुद्धा नीट घातली नाही, आणि आईच्या खांद्यावर टाकली. आईने ती गळ्याशी ओढून घेतली. "चला," दादा म्हणाला. मला नाही.

सरिता त्यांच्याबरोबर जीपपर्यंत गेली. परत आल्यावर तिने फ्लेक्स स्वतः काढला आणि गुंडाळला. घरी आल्यावर म्हणाली, "गोधडीला नाव शोधत होतात. त्या बाईला चोर नाव देऊन बसलात."

नाव मी दिलं नव्हतं, आईने दिलं होतं. असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. अशी वाक्यं मला पटापट सुचतात, हे आज लक्षात आलं.

१८ जानेवारी, रविवार

जानकीबाईकडे गेलो. प्लॅन केला नाही. प्लॅन करायला लागलो की माझं काय होतं ते वर लिहिलेलं आहे.

वहिनी आधीच तिथे होती. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. वहिनीने तिचा हात धरला होता, जानकीबाईने तो सोडवला नव्हता, पण धरलाही नव्हता. मला बघून वहिनी उठून आत गेली.

मी अंगणात उभा राहिलो. जानकीबाई बसा म्हणाली नाही. मी म्हटलं, गोधडी मी नेली होती. ती म्हणाली, "सांगितलं वहिनीनं." मी म्हटलं, चूक झाली. 

मग ती म्हणाली, "त्या दिवशी मोळीला हात लावलात. तवा गाडीत होती?"

नाही म्हणता आलं असतं. घरी होती म्हणता आलं असतं. कोणाला कळलं असतं?

हो म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. म्हणाली, "मी घरी जाऊन सुनेला सांगितलं, भाऊ बोलनार हाय, आता मिटंल. रोज इचारायची ती, बोलले का भाऊ. मग तिनं इचारायचं सोडलं."

मी म्हटलं, सगळ्या वाडीला सांगतो, घरोघरी जाऊन. ती म्हणाली, "सांगा." परत कामावर या म्हटलं. ती म्हणाली, "म्हातारीवर माजा राग नाय. पन त्या दारात मी परत पिशवी घेऊन नाय येनार." आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

घरोघरी गेलो. सोपं नव्हतं. पहिल्या घरी "गैरसमज झाला होता" म्हणालो. म्हातारा म्हणाला, कुनाचा? मग पुढच्या घरांत "मी नेली होती" असंच सांगितलं. एकाने चहा दिला. एकीने दार पुढे ओढून घेतलं. बाकीचे नुसते ऐकत होते.

१ फेब्रुवारी, रविवार

आता दर रविवारी वाडीला जायचं ठरवलंय. वहिनीला एक दिवस तरी सुटी. जानकीबाई करायची ते मी करणार. भरवणं, वेणी घालणं. यात अवघड काय आहे?

केस ओढले गेले, आई ओरडली. भात गिळवेना, मी घास मोठे करतो. वहिनी आतून बघत होती, मदतीला आली नाही. बरोबरच आहे. दादा अजून माझ्याशी गुरांपुरतंच बोलतो.

वेणी घालताना आईने विचारलं, "जानकी कवा येनार?" मी म्हटलं, येईल.

वहिनी आतून म्हणाली, "तिला तरी खोटं सांगू नका."

मग सांगितलं. आई, जानकी नाही येणार. तुझी वाकळ मी नेली होती, आळ तिच्यावर आला, मी गप्प बसलो. आई वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "तू? अरे, असं कसं केलंस तू?"  मला वाटलं, झालं, सगळ्यात कठीण काम झालं.

जेवण झालं, तिचं तोंड पुसलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "जानकी कवा येनार रे?"

परत सांगितलं. "तू?" म्हणाली. "असं कसं केलंस तू?"

चहाच्या वेळी परत.